मोटारींतील खर्ज आणि तारेंतील अग्नि

पखवाज वाजविण्यास बसलेला वादक प्रथम कणीक भिजवितो आणि तिचा गोळा वाद्याच्या डाव्या तोंडावर थापतो, हें दृश्य मैफलींस व कीर्तनांस जाणाऱ्यांच्या परिचयाचें आहे. ती कणीक शोभेसाठीं नसते. चामड्यावर वजन पडलें कीं त्याचें आंदोलन मंदावतें, आणि आंदोलन मंदावलें कीं नाद खालीं उतरतो. मग थाप पडतांच जो घुमारा उठतो, तो कानांनीं जितका ऐकावयाचा तितकाच छातीनें अनुभवावयाचा असतो. मोटारींत बसून गाणें ऐकणाऱ्या रसिकाला नेमका हाच घुमारा हवा असतो. आणि मोटारीबरोबर आलेल्या तळहाताएवढ्या कर्ण्यांतून तो मिळत नाहीं. म्हणून मागील सामानाच्या कप्प्यांत एक भक्कम पेटी बसवून घेण्याची हौस आज शहरोशहरीं दिसून येते. त्या पेटींतील मोठ्या कर्ण्यास सबवूफर म्हणतात, आणि त्याला शक्ति पुरविणाऱ्या यंत्रास अॅम्प्लिफायर.

हौसेंत वावगें कांहींच नाहीं. परंतु ही जोडणी पुष्कळदां अशा समजुतीनें केली जाते कीं, मोटारींतील वीज अवघी बारा व्होल्टांची. घरांतील वीज २३० व्होल्टांची. घरच्या विजेचा धक्का जीव घेऊं शकतो, मोटारींतील विजेला हात लावला तरी मुंगीही चावल्यासारखें होत नाहीं. मग तिचें भय तें कशाला? ही समजूत अर्धी खरी आहे, आणि अर्धें सत्य असत्याहून अधिक घात करतें. बारा व्होल्टांच्या विजेनें धक्का बसत नाहीं हें खरें. पण तिनें आग लागते. किंबहुना एकाच कामासाठीं ती घरच्या विजेपेक्षां अधिक सहजतेनें तार तापवूं शकते. असें कां व्हावें, हें समजलें म्हणजे सबवूफरच्या जोडणीचे सर्व नियम आपोआप उलगडतात. ते पाठ करण्याची आवश्यकता उरत नाहीं.

प्रथम खर्जाला इतकी शक्ति कां लागते तें पाहणें इष्ट होईल. मनुष्याच्या कानाला साधारणपणें सेकंदास २० पासून २०,००० पर्यंत आंदोलनें ऐकूं येतात. त्यांपैकीं अगदीं तळचा भाग, म्हणजे २० पासून ८० किंवा १०० आंदोलनांपर्यंतचा प्रदेश, सबवूफरच्या वांट्यास येतो. सेकंदास ४० आंदोलनें करणाऱ्या नादाची एक लाट हवेंत सुमारें साडेआठ मीटर लांब असते. मोटारीच्या लांबीहूनही ती मोठी. एवढी लाट उठवावयाची म्हणजे पुष्कळ हवा पुढेंमागें ढकलावी लागते. त्याकरितां कर्ण्याचा शंकु मोठा लागतो, तो जड असतो, आणि त्याची धांवही लांब असते. १९२५ सालीं अमेरिकेंत राइस आणि केलॉग या दोन अभियंत्यांनीं ज्या प्रकारचा कर्णा सिद्ध केला, त्याचेंच तत्त्व आजही चालूं आहे. चुंबकाच्या खाचेंत तारेचें एक वेटोळें टांगलेलें असतें. त्यांतून विद्युत्प्रवाह गेला कीं तें पुढेंमागें हलतें आणि त्याला चिकटलेला शंकु हवा हलवितो. या यंत्रांत एक मोठी उणीव आहे. सामान्य कर्ण्याला दिलेल्या शक्तीपैकीं शेंकडा एकाच्या आसपास भागाचाच नाद होतो. बाकीची सर्व शक्ति वेटोळ्यांत उष्णता होऊन जाते. म्हणून मोटारीच्या बंदिस्त जागेंतही खर्जासाठीं ३०० किंवा ५०० वॉट शक्ति खर्च होते.

आतां ५०० वॉट शक्ति देणारा एक अॅम्प्लिफायर उदाहरणादाखल घेऊं. कोणतेंही यंत्र घेतलेली सर्व शक्ति परत देत नाहीं. ‘डी’ वर्गाचा आधुनिक अॅम्प्लिफायर शंभरापैकीं सुमारें ८० भाग कर्ण्याकडे पोंचवितो. म्हणजे ५०० वॉट देण्यासाठीं त्याला बॅटरीकडून सुमारें ६२५ वॉट घ्यावे लागतात. शक्ति म्हणजे दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार. घरांत २३० व्होल्टांच्या दाबानें ६२५ वॉट घ्यावयाचे तर प्रवाह अवघा २.७ अँपियर पुरतो. मोटारींत दाब साडेबारा व्होल्टांच्या आसपास. तेथें त्याच कामासाठीं ५० अँपियर वाहूं द्यावे लागतात. काम एकच, परंतु प्रवाह अठरापटींहून अधिक.

खोपोलीचें जलविद्युत्केंद्र ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना हें सहज पटेल. १९१५ सालीं सुरू झालेल्या या केंद्रांत सह्याद्रीच्या माथ्यावरील पाणी ५०० मीटरांहून अधिक उंचीवरून नळांतून खालीं येतें. उंची एवढी प्रचंड असल्यामुळें थोड्या पाण्यानेंही चक्रें वेगानें फिरतात. तेंच काम मैदानांतून संथ वाहणाऱ्या नदीकडून करून घ्यावयाचें तर तिचें पात्र विस्तीर्ण हवें, कारण जें उंचीनें साधत नाहीं तें पाण्याच्या राशीनें भरून काढावें लागतें. मोटारीची वीज ही मैदानांतील नदी आहे. तिचा दाब थोडा म्हणून प्रवाह मोठा. आणि प्रवाह मोठा म्हणून त्याला जाण्यास वाट रुंद पाहिजे. ही वाट म्हणजेच तार.

वाट अरुंद राहिली तर काय होतें, याचें गणित १८४१ सालीं जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें मांडून ठेविलें आहे. तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. प्रवाह दसपट झाला तर उष्णता शंभरपट. घरांतील दिव्यांसाठीं वापरतात ती दीड चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार घ्या. घरांत २.७ अँपियर वाहून नेतांना पांच मीटर तारेंत अर्धा वॉटही उष्णता होत नाहीं. बोट लावलें तर ती गारच लागेल. हीच पांच मीटर तार मोटारींत बॅटरीपासून मागील कप्प्यापर्यंत नेली आणि तिच्यांतून ५० अँपियर सोडले, तर तिच्यांत सुमारें १४३ वॉट उष्णता निर्माण होईल. म्हणजे दर मीटरामागें जवळजवळ २९ वॉट. डाग देण्याचें लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॉटांचें असतें. तेव्हां गालिच्याखालीं, आसनाखालीं आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांमागें मीटरामीटराला एकेक आयर्न पेटतें ठेवावें, तसा हा प्रकार होय. याशिवाय वाटेंतच सुमारें तीन व्होल्टांचा दाब खर्ची पडून अॅम्प्लिफायर अर्धपोटीं राहतो, तो निराळाच तोटा.

त्याच जागीं १६ चौरस मिलिमीटरांची तांब्याची तार घातली तर दाबाचा ऱ्हास पावव्होल्टाच्या आसपास येतो आणि उष्णता पांच मीटरांत मिळून १३ वॉटांवर उतरते. २५ चौरस मिलिमीटरांची घातली तर साडेआठ वॉटांच्या आसपास. यावरून ५०० वॉटांच्या जोडणीस १६ चौरस मिलिमीटरांहून कमी जाडीची तार घेऊं नये, हें स्पष्ट होतें. मात्र येथें बाजारांतील एक फसगत लक्षांत ठेविली पाहिजे. पुष्कळ स्वस्त तारा वरून तांब्यासारख्या दिसतात, पण आंत अॅल्युमिनियम असून त्यावर तांब्याचा पातळ मुलामा असतो. अॅल्युमिनियमची विद्युद्वाहकता तांब्याच्या सुमारें शेंकडा ६१ आहे. कांहीं तारांची जाडी तर वरच्या प्लॅस्टिकच्या वेष्टनानेंच भरून काढलेली असते. म्हणून तारेचें टोंक सोलून आंतील धातु पाहावी. सुरीच्या पात्यानें एक तंतु खरवडावा. खालून रुपेरी रंग दिसला तर ती तार निखळ तांब्याची नाहीं असें समजावें, आणि घ्यावयाचीच असल्यास एक माप जाड घ्यावी.

तार जाड घेतली म्हणजे काम झालें, असें मात्र नाहीं. उलट येथूनच खरा धोका सुरू होतो. मोटारीचें अंग लोखंडी पत्र्याचें असतें, आणि बॅटरीचें ऋणाग्र त्याच अंगाला जोडलेलें असतें. याचा अर्थ असा कीं, मोटारीचा प्रत्येक उघडा पत्रा हा बॅटरीच्या ऋण टोंकाचाच विस्तार होय. बॅटरीच्या धनाग्रापासून निघालेली तार इंजिन आणि प्रवाशांची जागा यांच्यामधील पत्र्याच्या भोंकांतून आंत येते, उंबरठ्याच्या पट्टीखालून जाते आणि आसनाच्या लोखंडी पायाशेजारून मागें पोंचते. या सर्व वाटेवर ऋण टोंक तिच्यापासून केवळ प्लॅस्टिकच्या एका पातळ वेष्टनाइतकें दूर असतें. रस्त्यावरील प्रत्येक खड्ड्यागणिक ती तार पत्र्याच्या धारेवर घांसली जाते. एखाद्या दिवशीं वेष्टन कापलें जातें, आणि तांबें पत्र्याला भिडतें.

त्या क्षणीं अॅम्प्लिफायरचा या घटनेशीं कांहीं संबंध उरत नाहीं. प्रवाहाला जवळची वाट सांपडलेली असते. मोटारीच्या बॅटरीचा आंतील रोध एका ओहमच्या शंभराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. कारण इंजिन सुरू करतांना तिला शेंकडों अँपियर द्यावे लागतात. तीच क्षमता आतां तारेच्या नाशास कारण होते. शेंकडों अँपियर त्या घांसलेल्या जागेंतून वाहूं लागतात. वेष्टन वितळतें, गालिचा धुमसतो, धूर होतो. चालकानें घाबरून किल्ली फिरविली तरी उपयोग नाहीं, कारण ही तार किल्लीच्या वाटेनें आलेलीच नाहीं; ती थेट बॅटरीवरून आली आहे.

यावर उपाय एकच, आणि तो अत्यंत स्वस्त आहे: फ्यूज. पण तो कोठें बसवावा, यांत बहुतेकांची चूक होते. अॅम्प्लिफायरच्या अंगावर फ्यूज असतातच, मग आणखी कशाला, असें विचारलें जातें. ते फ्यूज तारेच्या दूरच्या टोंकाला आहेत. मध्येंच पत्र्याला भिडलेल्या तारेंतील प्रवाह त्यांच्यापर्यंत पोंचतच नाहीं. वाड्याच्या मागच्या खोलीला भक्कम कुलूप लावावें आणि चोरानें दिंडींतूनच माल न्यावा, अशी ती स्थिति होते. मुख्य फ्यूज हा अॅम्प्लिफायरच्या रक्षणासाठीं नसून तारेच्या रक्षणासाठीं असतो. म्हणून तो तारेच्या उगमाशींच, बॅटरीच्या धनाग्रापासून फार तर ४५ सेंटिमीटरांच्या आंत बसविला पाहिजे. जितका जवळ तितका उत्तम. कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधील तेवढा तुकडा सर्वस्वीं अरक्षित असतो.

फ्यूजचा आंकडाही याच तत्त्वावर ठरतो. तो तारेला सोसेल त्याहून मोठा असतां कामा नये, आणि अॅम्प्लिफायरला लागणाऱ्या प्रवाहाहून लहानही असूं नये. वरील उदाहरणांत १६ चौरस मिलिमीटरांची तांब्याची तार आणि ६० अँपियरांचा फ्यूज हा मेळ योग्य ठरतो. फ्यूज वारंवार जात असेल तर तो दोष सांगत आहे; मोठा फ्यूज बसवून त्याचें तोंड बंद करणें म्हणजे पहारेकऱ्यानें आरडाओरड केली म्हणून त्यालाच काढून टाकण्यासारखें आहे. फ्यूजच्या जागीं तारेचा तुकडा अथवा चांदीचा कागद गुंडाळण्याचा जो प्रकार क्वचित् आढळतो, त्याविषयीं तर बोलावयासच नको.

पत्र्याच्या भोंकांत रबराचें कडें बसविल्यावांचून तार कदापि ओवूं नये. तिच्यावर नागमोडी नळीचें आवरण असावें, आणि हातभर अंतरावर ती पट्ट्यांनीं घट्ट बांधावी. ब्रेकच्या, स्टिअरिंगच्या व आसनाच्या हलणाऱ्या भागांपासून आणि इंजिनच्या तापणाऱ्या नळ्यांपासून ती दूर ठेवावी.

धन तारेची एवढी काळजी घेणारे पुष्कळ जण ऋण तारेच्या बाबतींत निष्काळजी असतात. वस्तुतः बॅटरींतून निघालेले ५० अँपियर परतही तितकेच यावयाचे असतात. ऋण तार धन तारेइतकीच जाड, पण शक्य तितकी आंखूड, अर्ध्या मीटराच्या आंत असावी. मागील कप्प्याजवळ मोटारीच्या सांगाड्याचा भक्कम पत्रा शोधावा, त्यावरील रंग खरवडून धातु चकचकीत उघडी करावी, तारेच्या टोंकाला गोल कडी दाबून बसवावी आणि ती बोल्टानें व दांतेरी वॉशरनें घट्ट आंवळावी. नंतर गंज चढूं नये म्हणून वरून रंग लावावा. कोंकणपट्टींतील दमट हवेंत आणि पावसाळ्यांत हा शेवटचा हात फार महत्त्वाचा आहे. रंगावरच बसविलेली अथवा सैल राहिलेली ऋण जोडणी स्वतः तापते. शिवाय इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी एक बारीक शिट्टी गाण्यांत मिसळूं लागते. आसनाच्या पट्ट्याचा बोल्ट या कामासाठीं वापरूं नये; अपघाताच्या क्षणीं ज्यावर मनुष्याचा भार यावयाचा, त्याची बैठक ढिली करणें योग्य नव्हे.

येथें आणखी एका गोष्टीचा विसर पडतां कामा नये. मागील आसनाखालीं बहुतेक मोटारींत पेट्रोलची टाकी असते, आणि मुंबई-पुण्याकडे सी. एन्. जी. वर चालणाऱ्या असंख्य मोटारींत वायूचा सिलिंडर सामानाच्या कप्प्यांतच बसविलेला असतो. त्या पत्र्याच्या पलीकडे काय आहे हें खालून वांकून पाहिल्याखेरीज तेथें भोंक पाडूं नये किंवा स्क्रू घालूं नये. सिलिंडर असलेल्या कप्प्यांत सबवूफर बसविण्याचा मोह आवरणेंच श्रेयस्कर. विजेवर अथवा दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या मोटारींत नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसतात. त्यांचा दाब शेंकडों व्होल्टांचा असतो, आणि त्यांच्या आसपास हौशी हातांचें कांहींच काम नाहीं.

कामाचा क्रमही ठरलेला आहे. इंजिन बंद करून प्रथम बॅटरीचें ऋणाग्र सोडवावें, आणि सर्व काम पुरें झाल्यावर तें सर्वांत शेवटीं जोडावें. धनाग्र आधीं सोडवावयास गेलें आणि पान्याचें दुसरें टोंक पत्र्याला लागलें, तर पान्यांतूनच शेंकडों अँपियर वाहतात. ऋणाग्र आधीं सुटलें असेल तर पाना कोठेंही लागला तरी वर्तुळ पुरें होत नाहीं. याच कारणास्तव हातांतील अंगठी व धातूचें घड्याळ काढून ठेवावें. मुख्य फ्यूजही तोंवर बाहेरच ठेवावा. नव्या मोटारींत बॅटरी सोडविण्यापूर्वीं मोटारीबरोबर मिळालेलें माहितीपुस्तक पाहावें, कारण त्यांतील संगणक आणि हवेच्या सुरक्षा-पिशव्या यांविषयींचे नियम निरनिराळे असतात.

अॅम्प्लिफायरकडे आणखी दोन बारीक तारा जातात. एक रेडिओकडून येणारी इशाऱ्याची. रेडिओ चालूं झाला कीं तिच्यावर बारा व्होल्ट येतात आणि अॅम्प्लिफायर जागा होतो. ही तार आळसानें कायमच्या धन तारेला जोडली तर अॅम्प्लिफायर रात्रंदिवस जागा राहतो आणि सकाळीं बॅटरी निर्जीव आढळते. दुसरी, गाण्याचे संकेत आणणारी तार. ती मोटारीच्या एका बाजूनें व शक्तीची जाड तार दुसऱ्या बाजूनें न्यावी, म्हणजे जाड तारेंतील खळबळ संकेतांत उतरत नाहीं. अॅम्प्लिफायर मात्र सबवूफरच्या पेटीवर कधींही ठोकूं नये. तेथील कंपनांनीं त्याचे सांधे ढिले होतात. सभोंवतीं हवा खेळती राहील अशा जागीं तो असावा.

यानंतर कर्ण्यांची जोडणी. येथें ओहम हा शब्द येतो. जर्मन शास्त्रज्ञ ओहम यानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला नियम सांगतो कीं, दाब तोच असतां रोध निम्मा केला तर प्रवाह दुप्पट होतो. अॅम्प्लिफायरनें २० व्होल्ट दिले असें धरूं. कर्णा ४ ओहमचा असेल तर ५ अँपियर वाहतील आणि १०० वॉट होतील. २ ओहमचा असेल तर १० अँपियर आणि २०० वॉट. १ ओहमचा असेल तर २० अँपियर आणि ४०० वॉट. हा हिशेब पाहून कित्येकांना वाटतें कीं, ओहम जितके कमी करावे तितकी शक्ति फुकट मिळते. पण तो वाढता प्रवाह अॅम्प्लिफायरच्या अंतर्भागांतून जावयाचा असतो, आणि प्रत्येक अॅम्प्लिफायरची एक मर्यादा असते. ‘किमान २ ओहम’ असें त्यावर लिहिलें असतां १ ओहमचा भार जोडला तर चांगला अॅम्प्लिफायर स्वतःला बंद करून घेतो. सामान्य प्रतीचा जळतो. अति तेथें माती, ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरते.

भार मोजण्याची रीत सोपी आहे. कर्णे एकामागून एक असे एकसर जोडले तर ओहमांची बेरीज होते. दोन सारखे कर्णे समांतर जोडले, म्हणजे धन धनाला आणि ऋण ऋणाला, तर ओहम निम्मे होतात. पुष्कळ सबवूफरांत दोन स्वतंत्र वेटोळीं असतात. ४-४ ओहमांचीं दोन वेटोळीं एकसर जोडलीं तर ८ ओहम आणि समांतर जोडलीं तर २ ओहम होतात. असे दोन सबवूफर घेतले तर चार वेटोळीं झालीं. सर्व समांतर जोडलीं तर १ ओहम. प्रत्येकांतील दोन एकसर व मग दोन्ही सबवूफर समांतर केले तर ४ ओहम. सर्व एकसर केलीं तर १६ ओहम. चारही वेटोळ्यांत शक्तीची समान वांटणी राखून २ ओहम मात्र कोणत्याही युक्तीनें होत नाहींत. म्हणून ज्याच्या अॅम्प्लिफायरची पूर्ण शक्ति २ ओहमांवर मिळते, त्यानें २-२ ओहमांच्या वेटोळ्यांचे सबवूफर घ्यावे. त्यांचीं वेटोळीं एकसर केलीं म्हणजे ४, आणि दोन्ही सबवूफर समांतर केले म्हणजे बरोबर २. हें गणित दुकानांत जाण्यापूर्वीं कागदावर करावयाचें असतें, खरेदी झाल्यानंतर नव्हे.

दोन वाहिन्यांचा अॅम्प्लिफायर एकत्र करून एकच सबवूफर चालविण्याची पद्धत आहे. इंग्रजींत तिला ब्रिजिंग म्हणतात. तींत प्रत्येक वाहिनीच्या वांट्यास निम्मेच ओहम येतात. ४ ओहमचा सबवूफर अशा रीतीनें जोडला तर प्रत्येक वाहिनीला तो २ ओहमच भासतो. म्हणून अशा जोडणीसाठीं निर्मात्यानें दिलेली निराळी मर्यादा पाहूनच पाऊल टाकावें. जोडणी झाल्यावर मल्टिमीटरनें भार मोजावा. ४ ओहमच्या वेटोळ्यावर मीटर सव्वातीन ते साडेतीन ओहम दाखवितो. तो दोष नव्हे, कारण मीटर केवळ तारेचा स्थिर रोध मोजतो. परंतु शून्याच्या जवळचा आंकडा आला तर कोठेंतरी दोन तारा एकमेकींस चिकटल्या आहेत असें समजून पुढें जाऊं नये.

दोन सबवूफरांपैकीं एकाच्या तारा उलट झाल्या तर कांहीं जळत नाहीं. पण एक शंकु पुढें जात असतां दुसरा मागें येतो, दोघांची हवा एकमेकींस मारते, आणि दुप्पट खर्च करून खर्ज नाहींसा होतो. दीड व्होल्टाचा साधा सेल क्षणभर लावून पाहावा: सेलचें धन टोंक कर्ण्याच्या धन टोंकाला लावतांच शंकु बाहेर सरकला पाहिजे.

शेवटचा धोका तारेंत नसून हातांत असतो. अॅम्प्लिफायरवर ‘गेन’ नांवाची एक खुंटी असते. ती आवाज वाढविण्याची खुंटी आहे अशी सार्वत्रिक समजूत आहे. खरें पाहतां ती रेडिओचा संकेत आणि अॅम्प्लिफायर यांचा मेळ घालण्यासाठीं असते, जशी तंबोऱ्याची खुंटी स्वर लावण्यासाठीं असते, जोर वाढविण्यासाठीं नव्हे. ती मर्यादेबाहेर पिळली कीं अॅम्प्लिफायरला जेवढा दाब देतां येतो त्यापलीकडचा संकेत त्याच्यापुढें येतो. मग लाटेचे गोल माथे सपाट कापले जातात. सपाट माथ्याच्या लाटेंत सरासरी शक्ति अधिक असते, आणि वेटोळें त्या मानानें अधिक तापतें. जळक्या वासाचा धूर देऊन बंद पडलेले कित्येक सबवूफर याच कारणानें गेलेले असतात. योग्य रीत अशी: सबवूफर सोडवून ठेवावा, रेडिओवरील खर्जाच्या खुंट्या मध्यावर ठेवाव्या, आवाज तीन चतुर्थांशावर ठेवून ४० किंवा ५० आंदोलनांचा एक सरळ स्वर लावावा, आणि अॅम्प्लिफायरच्या टोंकांवर मल्टिमीटरनें प्रत्यावर्ती दाब मोजीत गेन हळूहळू वाढवावा. किती व्होल्टांवर थांबावयाचें तें वॉट व ओहम यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळानें मिळतें. ५०० वॉट आणि २ ओहम यांचा गुणाकार १०००. त्याचें वर्गमूळ सुमारें ३१.६. मीटरवर हा आंकडा आला कीं खुंटी सोडून द्यावी आणि पुनः तिला हात लावूं नये.

इंजिन बंद असतां दीर्घकाळ मोठ्यानें गाणीं लावूं नयेत. लहान मोटारीची बॅटरी बहुधा ३५ ते ४५ अँपियर-तासांची असते. पूर्ण भारानें ५० अँपियर ओढल्यास ती तासभरही टिकणार नाहीं. कानांचाही विचार असावा. ८५ डेसिबेलांचा आवाज दिवसाचे आठ तास सोसण्याची मर्यादा मानली जाते, आणि पुढें दर तीन डेसिबेलांस ती वेळ निम्मी होते. बंद मोटारींत १०० डेसिबेल गांठणें मुळींच कठीण नसल्यामुळें तेथें सुरक्षित काळ पाव तासावर येतो.

सर्व कांहीं जोडून झाल्यावर पंधरा मिनिटें बेताच्या आवाजांत गाणें चालूं ठेवावें आणि मग तारेवरून हात फिरवावा: बॅटरीजवळ, फ्यूजच्या घरावर, ऋण जोडणीवर, अॅम्प्लिफायरच्या टोंकांवर. जेथें हाताला स्पष्ट ऊब लागेल तेथील सांधा सैल अथवा अपुरा आहे. तो त्याच दिवशीं नीट करावा. महिन्याभरानें, आणि पुढें प्रत्येक पावसाळ्याच्या अखेरीस, हीच परीक्षा पुनः घ्यावी. काम दुकानदाराकडून करवून घेतलें तरी मोटारीच्या मालकानें दोन गोष्टी स्वतः डोळ्यांनीं पाहाव्या. पुढचें झांकण उघडून बॅटरीपासून वीतदीडवीत अंतरावर फ्यूज आहे कीं नाहीं. आणि जेथून तार आंत शिरते त्या भोंकांत रबराचें कडें आहे कीं नाहीं. या दोहोंचें मोल सबवूफरच्या किंमतीपुढें क्षुल्लक असतें, आणि त्या पाहण्यास एक मिनिटही लागत नाहीं. पण मागच्या आसनावर मुलें झोंपलेलीं असतां, घाटांतल्या एखाद्या खड्ड्यांत ती तार पत्र्यावर आपटते, तेव्हां त्यांचा भरंवसा याच दोन वस्तूंवर असतो.